माझ्या खिशातली सालपटं

मागच्या दिवाळीत एका बकरीनं माझ्या पायजम्याची नाडी खाल्ली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण अमरावतीत आमच्या कॉलनीत ही गोष्ट माझ्याआधी पोचलेली आहे, आणि तिथं दर आठवड्याला एक बकरी वाढून राहिली आहे. परवा दूधवाल्यानं मला विचारलं, सतरा होत्या का अठरा. मी त्याला म्हटलं, एक. नाडी एकीनंच खाल्ली. बाकीच्यांनी शर्ट खाल्ला.

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं शाळा चालवली. मी व्हरांड्यात आलो की शाळा गप्प व्हायची. घंटेची गरज नव्हती. शिपाई म्हणायचा, सर, तुमी रजेवर गेले की घंटा वाजवा लागते. या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवलाही नाही. मग माझी मुलगी प्रज्ञा पुण्याहून तिची जुळी लेकरं घेऊन दिवाळीला आठ दिवस आली, आणि तो सगळा अभिमान माझ्या अंगाशी आला.

अनीश आणि मैत्री. वय सव्वादोन वर्षं. तासाभरात दोघंही माझ्या बायकोच्या, म्हणजे शोभाच्या, कडेवर. एक या कडेवर, एक त्या कडेवर. मी खोलीत आलो की हसणं बंद. प्रज्ञाच्या हिशेबानं त्यांना चाळीसेक शब्द येत होते. माझ्यासाठी दोघांना मिळून एकच पुरत होता: नको. मला फार काही नको होतं हो. आठ दिवसांत एकदा, फक्त एकदा, दोघांनी येऊन माझ्या मांडीवर बसावं. पुढची भेट वर्षभरानं. तोवर ते मोठे होणार, मी म्हातारा होणार. त्याचं मला मनातून फार लागलं होतं, पण मुख्याध्यापकानं असं कोणाला सांगायचं?

प्रयत्न मी केले. पहिल्या दिवशी खुर्चीत बसून, मांडी थोपटून, "या इकडे" म्हटलं. ते पलंगाखाली गेले. शोभा म्हणाली, "लेकरं हायेत थे, आठवी ब नाही." दुसऱ्या दिवशी चॉकलेट दाखवलं. अनीशनं लांबून हात पुढं करून चॉकलेट घेतलं आणि पलंगाखाली जाऊन खाल्लं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच पलंगाखाली डोकावलो, तर त्यांच्या ओरडण्यानं शेजारचे मुश्ताकभाई भिंतीवरून वाकून पाहायला लागले. चौथ्या दिवशी मी ठरवलं की दोष मिशीचा आहे. चाळीस वर्षांची मिशी, कॉलेजात असताना ठेवलेली. सकाळी उठून काढून टाकली. याचा परिणाम असा झाला की आतापर्यंत लेकरं निदान ओळखीच्या माणसाला घाबरत होती, ती आता अनोळखी माणसाला घाबरायला लागली. अनीश रडून रडून ओकला. शोभानं माझ्या ओठाकडं एकदा पाहिलं, स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

पाचव्या दिवशी प्रज्ञा म्हणाली की परतवाडा रोडला एक पेटिंग फार्म झालं आहे, तिथं जाऊ. पेटिंग फार्म म्हणजे काय, असं शोभानं विचारलं. प्रज्ञानं सांगितलं की तिथं बकऱ्या, ससे, बदकं असतात, तिकीट काढून आत जायचं आणि त्यांना हात लावायचा. शोभा म्हणाली की तिचं अर्धं आयुष्य त्यांना लावलेले हात धुण्यात गेलं, त्याचे पैसे मात्र कोणी दिले नाहीत.

माझ्या डोक्यात मात्र दिवा लागला. मी मूळचा तेल्हाऱ्याकडचा. सातवीपर्यंत शाळा सुटली की आमच्या घरच्या बकऱ्या माझ्याकडं असायच्या. मी एक हाळी मारली की सगळ्या वळून माझ्या मागं. आता विचार करा: लेकरं बघतील, आपल्या आबानं आवाज दिला, बकऱ्या धावत आल्या. ज्या माणसाकडं बकऱ्या आनंदानं येतात, त्याला माणसाच्या पिल्लानं कशाला भ्यावं? योजना मला बिनतोड वाटली. (तेल्हारा सोडल्यापासून बकऱ्यांशी माझा संबंध फक्त चप्पल फेकण्यापुरता उरला होता, हे मी बोललो नाही. मुश्ताकभाईंची बकरी आमची जास्वंद खाते.) मुश्ताकभाईंचाच ऑटो सांगितला. ते म्हणाले, "सर, बकरी ही देखनी थी तो मेरे आंगन में आ जाते. चप्पल पहन के आते, बस." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता संत्र्यांचं सांगणं भाग आहे. शोभाचं माहेर शेंदूरजनाघाट. दर बहाराला तिचा भाऊ एसटीनं संत्र्यांचा कट्टा, म्हणजे अख्खं पोतं, पाठवतो, आणि मग ही बाई संत्र्यांच्या पिशवीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. दवाखाना असो, बँक असो, कोणाच्या मयतीला जाणं असो. समोर दिसेल त्याच्या हातात संत्रं. आणि संत्रं दिलं की साल परत. साल फेकायची नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. सगळी सालपटं गच्चीवर वाळतात, दळली जातात, आणि ती पूड चेहऱ्याला लावायला नात्यातल्या समस्त बायांना वाटली जाते. हे पस्तीस वर्षं चालू आहे. नात्यातले चेहरे आहेत तसेच आहेत, पण बोलणार कोण?

फार्मच्या फाटकावर पाटी होती: बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली की संत्र्यांची पिशवी इथं जमा करा, जाताना मिळेल. भावानं पाठवलेली संत्री अनोळखी काउंटरवर ठेवणं शोभाला मान्य होणं शक्य नव्हतं. तिनं तिथल्या तिथं निर्णय दिला: इथंच खाऊन टाका. दोन किलो संत्री. आम्ही खाल्ली, मुश्ताकभाईंनी खाल्ली, काउंटरच्या मुलीनं खाल्ली. तरी उरली. मग रांगेतल्या एका अचलपूरच्या कुटुंबाला वाटली, आणि प्रत्येकानं शेवटची फोड तोंडात टाकली की शोभा त्याच्यासमोर तळहात धरून उभी. ते लोक चक्रावले, पण बिचाऱ्यांनी सालपटं परत दिली. अचलपूरच्या आजींनी तर आधीच गवतात फेकलेलं एक सालपट वाकून, उचलून, झटकून आणून दिलं.

पिशवी नियमानं जमा झाली. राहिली सालपटं. मी दिवाळीचा नवा पांढरा नेहरू शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. त्याचे दोन्ही बाजूचे खिसे चांगले खोल. शोभानं डावा भरला, उजवा भरला, उरलेली पायजम्याच्या खिशात कोंबली, आणि हात माझ्या शर्टाच्या खालच्या कडेला पुसले. मी विरोध केला. तिनं विचारलं, मग कुठं ठेवू? काउंटरच्या मुलीनं सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. मुख्याध्यापकाचे खिसे कोणी तपासत नाही.

आत पाऊल टाकतो तोच एक जाडजूड, टोपीवाला माणूस धावत आला आणि माझ्या पायाशी वाकला.

"जयभीम, सर. ओयखलं का मले? प्रमोद. आठवी ब, शेवटचा बाक. हे फार्म माझंच हाये."

मला ओळख पटली नव्हती, पण आठवी ब म्हटल्यावर मी मान हलवली. नंतर तो प्रज्ञाकडं वळून मोठ्या कौतुकानं बोलायला लागला. "ताई, सरायमुळं झालं हे सगळं. सरायनं मले फळ्यासमोर उभं केलं आन् म्हणले, प्रमोद, तुह्यानं गणित होत नाही, तू बकऱ्या चार." त्यानं हात लांब करून अख्खं फार्म दाखवलं. "चारून राहिलो."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी सांभाळून घेतलं असतं. टोमणा नव्हता. तो मनापासून आभार मानत होता. प्रज्ञा माझ्याकडं पाहत राहिली. मी म्हणालो की ते मी वेगळ्या संदर्भात बोललो असेन. कोणत्या, असं तिनं विचारलं. मी सशांच्या पिंजऱ्याकडं बोट दाखवलं.

त्याच्या पलीकडं, बकऱ्यांच्या कोंडवाड्यापाशी, सगळी लेकरं जाळीच्या बाहेरून बकऱ्यांना चारा देत होती. वाटीत लसूणघास मिळायचा, एकेक काडी जाळीतून आत द्यायची, असा नियम. आम्हीही तसंच केलं असतं तर आज ही गोष्ट नसती. पण प्रमोदच्या दारी त्याचे सर आले होते. सरांना जाळीबाहेर उभं करील तर तो वऱ्हाडातला माणूस कसला? "लोकाईसाठी जाळी हाये, सर. तुमी आत चला." त्यानं स्वतः किल्ली आणून कोंडवाड्याचं दार उघडलं. प्रज्ञा लेकरांना घेऊन दारातच थांबली, दोघांच्या हातात घासाच्या वाट्या. शोभा जाळीबाहेर, अचलपूरवाल्यांशी बोलत. मी छाती काढून मध्यभागी गेलो. सतरा बकऱ्या पोटभर घास खाऊन पलीकडच्या कोपऱ्यात बसून रवंथ करत होत्या. लेकरं पाहत आहेत याची मी खात्री केली, आणि तेल्हाऱ्यात मारायचो तशी हाळी मारली.

सतराच्या सतरा बकऱ्यांनी माना वळवल्या. मग त्या उठल्या आणि माझ्या दिशेनं निघाल्या. चालत नाही, पळत!

"बाबा, खरंच की," प्रज्ञा म्हणाली. अनीश तोंड उघडं ठेवून बघत होता. रडत नव्हता. साधारण पाव मिनिट मी अमरावती जिल्ह्यातला सगळ्यात सुखी माणूस होतो. मग पहिल्या बकरीनं डाव्या खिशात तोंड घातलं.

पुढचं फार वेगानं झालं. डाव्या खिशात तीन तोंडं, उजव्यात दोन, मागून एक शर्टाचं टोक चघळतेय. टर्र असा आवाज आला आणि डावा खिसा शर्टापासून वेगळा होऊन एका पांढऱ्या बकरीबरोबर निघून गेला. मी शाळेतल्या आवाजात ओरडलो, "गडबड नाही! एका रांगेत!" या आवाजानं एकेकाळी सहाशे पोरं जागच्या जागी उभी राहायची. बकरीनं माझ्या पायावर पाय दिला.

"सर, खिशात काय हाये?" प्रमोद धावत येत ओरडला.

"काही नाही," मी म्हणालो. हे खोटं होतं.

जाळीबाहेरून शोभाचा स्वच्छ आवाज आला, "सालपटं हायेत. थे खाऊ नका देऊ, मले वाळवा लागते!"

प्रमोद बकऱ्या ओढून बाजूला करायला लागला, पण एक ओढली की तिच्या जागी दोन. तेवढ्यात एका तपकिरी बकरीला शर्टाखाली लोंबणारं नाडीचं टोक सापडलं. शोभानं हात पुसले होते ते तिथंच, त्यामुळं नाडीलाही संत्र्याचा वास. बकरीनं टोक तोंडात घेतलं आणि शेवई ओढावी तशी आत घ्यायला लागली. मी दुसरं टोक धरलं. ती ओढते, मी ओढतो. माझं वजन जास्त होतं, पण तिला पाय चार होते. गाठ सुटली, माझ्या हातातलं टोक निसटलं, आणि अख्खी नाडी पायजम्यातून सुळकन बाहेर पडून तिच्या तोंडात गेली. तिनं ती गिळली. मी दोन्ही हातांनी पायजमा धरला, इकडं तिकडं पाहिलं, आणि जे करणं शक्य होतं ते केलं. लेंड्यांमध्ये, घासावर, मांडी घालून खाली बसलो.

सालपटं संपली होती. बकऱ्यांचा माझ्यातला रस तत्काळ संपला आणि त्या आपापल्या कामाला लागल्या. एकदम शांतता झाली. त्या शांततेत मला हसू ऐकू आलं.

अनीश आणि मैत्री हसत होते. पोट धरून, एकमेकांवर पडून. हे हसणं मी पाच दिवस ऐकत होतो, पण दुसऱ्या खोलीतून. मी आत गेलो की ते थांबायचं. आज मी समोर होतो आणि ते थांबत नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमोदला वाटलं मला लागलं.

मग अनीश प्रज्ञाचा हात सोडून वाटी घेऊन निघाला. आईनं शिकवलं होतं तसं, एकेक काडी. पांढऱ्या बकरीला एक. तपकिरी बकरीला एक. (तिला खरं म्हणजे द्यायला नको होती.) रांगेत तिसरा मी होतो. तो माझ्यासमोर थांबला. मी बसलेला असल्यामुळं त्याचं तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर आलं. इतक्या जवळून आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना पाहत होतो. त्यानं लसूणघासाची काडी माझ्या ओठांशी धरली.

"खा," तो म्हणाला.

"बाबा, नको, धुतलेलं नाहीये," प्रज्ञा म्हणाली.

मी काही बोललो असतो तर सगळं बिघडलं असतं. एकतीस वर्षांत मी कोणत्याही पोरापुढं गप्प बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. तोंड उघडलं आणि खाल्लं. लसूणघास कच्च्या मेथीसारखा लागतो, थोडा कमी कडू. अनीशनं समाधानानं मान हलवली आणि दुसरी काडी काढली. तोवर मैत्री आली. तिनं माझा बिनमिशीचा ओठ नीट तपासला, "हळू हळू" असं स्वतःलाच सांगत माझ्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला, मग पाठ केली, मागं सरकली, आणि माझ्या मांडीवर बसली.

माझे दोन्ही हात पायजम्यात अडकलेले. पाच दिवस ज्याच्यासाठी धडपडलो, मिशीसुद्धा दिली, ते मांडीवर येऊन बसलं, आणि मला त्याला धरता येत नव्हतं. प्रमोद बघत होता, अचलपूरच्या कुटुंबातल्या तिघांचे मोबाईल माझ्यावर रोखलेले. मी एक क्षण विचार केला, आणि पायजमा सोडून दिला. बसल्या जागी तो जाणार कुठं? एका हातानं मैत्रीला धरलं. दुसऱ्यानं अनीशला जवळ घेतलं, तो भरवत राहिला. असा मी किती वेळ बसलो होतो ते सांगता येणार नाही. दोन वाट्या घास संपला, एवढं खरं.

उठायची वेळ आली तेव्हा प्रमोद वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "सर, दावं चालन का?" त्यानं त्याच तपकिरी बकरीच्या गळ्यातली दोरी सोडली. तिच्या पोटात माझी नाडी, माझ्या कमरेला तिचं दावं, हिशेब बरोबर होता. मी बाहेर आलो. शोभानं माझ्या शर्टाकडं पाहिलं, खिशाच्या जागेकडं पाहिलं, आणि विचारलं की एकही सालपट वाचलं नाही का. मुश्ताकभाई घरापर्यंत आरशातून बघत राहिले.

दोन दिवस मला त्या बकरीची खरोखर काळजी वाटली. दोन हात लांब सुती नाडी म्हणजे काही चेष्टा नाही. तिसऱ्या दिवशी प्रमोदचा फोन आला की ती ठणठणीत आहे. "आन् सर, नाडी निघाली. धुऊन वाळवून ठेवली हाये, पाठवू का?" मी त्याला म्हटलं, तुझ्याकडंच राहू दे.

त्याच संध्याकाळी प्रज्ञाची गाडी होती. स्टेशनवर अनीशनं मला टाटा केलं नाही. खिडकीतून हात काढून माझ्या तोंडात बिस्कीट घातलं, आणि मी ते चावतोय का हे गाडी हलेपर्यंत पाहिलं. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. तिकडून लेकरं मोबाईलसमोर कधी पालकाची जुडी धरतात, कधी कोथिंबीर. मी इकडं तोंड उघडतो. समोर कोणी आलंगेलं असलं तरी उघडतो. शोभानं ते दावं खुंटीला टांगून ठेवलं आहे, आणि माझा आवाज चढला की ती फक्त तिकडं पाहते.

गेल्या महिन्यात प्रज्ञाचा फोन आला. आवाज जरा पडलेला. लेकरं आता प्लेस्कूलला जातात. तिथं बाईंनी प्राण्यांची चित्रं दाखवून नावं विचारली. गाय, कुत्रा, मांजर, सगळं बरोबर आलं. बकरीचं चित्र आल्यावर अनीश म्हणाला, "आबा." बाईंनी मैत्रीला वेगळं बोलावून विचारलं. तीही म्हणाली, "आबा." चूक घरी सुधारून घ्या, अशी बाईंनी डायरीत चिठ्ठी दिली होती. आता यांना कसं समजावू, असं प्रज्ञा मला विचारत होती.

मी तिला सांगितलं, "काही सुधरू नको. उत्तर बरोबर हाये." एकतीस वर्षं पेपर तपासले, पैकीच्या पैकी मार्क मी सहसा कोणाला दिले नाहीत. या दोघांना दिले. दोघांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आल्यामुळं एकानं दुसऱ्याचं पाहिलं असावं अशी मला दाट शंका आहे, पण या वेळी मी चौकशी लावली नाही.